कॅलेंडर आत्याची तपासणी

शाळेच्या मागच्या खोलीत सकाळी सात वाजता मुलांना फुकट नाश्ता मिळणार अशी पाटी लागली, त्या दिवशी गल्लीत एकाही माणसाला आनंद झाला नाही. पाटीवर लिहिलं होतं: दूध, पाव, अंडं, केळं. कुठल्याही मुलाने यावं. नाव सांगायची गरज नाही. यातलं दूध, पाव, अंडं आणि केळं लोकांना समजलं. शेवटचं वाक्य मात्र कुणालाच समजलं नाही.

ज्या गल्लीत गळक्या नळाची तक्रार करायलाही तीन फोटो, दोन साक्षीदार आणि एक अंगठा लागतो, तिथे नाव न विचारता अंडं देणारा माणूस सरळ असूच शकत नाही, यावर एकमत झालं. पाणी कुठे मुरतंय यावर मात्र झालं नाही. कुणी म्हणालं, आधी चटक लावतील आणि मग काहीतरी गळ्यात मारतील. कुणी म्हणालं, दुधातून औषध देऊन मुलांना डावखुरी करतात. डावखुरी करून कुणाचा काय फायदा, असं त्याला विचारलं, तर तो म्हणाला, तेच तर अजून बाहेर आलेलं नाही. शेवटी असं ठरलं की कॅलेंडर आत्याने जाऊन बघावं. तिने पास केलं तर पोरं पाठवायची, नाहीतर आपली पोरं आपल्या घरी उपाशी बरी.

आत्या तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. शर्ट उलटा करायचा, आतली शिवण डोळ्याखालून घालायची, कुठे धागा सुटलेला, काज उसवलेलं, कॉलर तिरकी दिसली की तिथे लाल कागदाचा छोटा चिकट बाण लावायचा. बाण लागला म्हणजे शर्ट फेकायचा नाही, दुरुस्त करून परत आणायचा. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं जे होतं, ते आत्याचं झालं होतं. बाणांचं भेंडोळं कायम पिशवीत असे. घरातल्या दाराच्या कडीला बाण होता. शेजाऱ्याच्या स्कूटरला चार होते. भावाच्या लग्नाच्या फोटोत वहिनीच्या मामांच्या डोक्यावर एक होता, कारण केसांचा टोप नीट बसला नव्हता.

कॅलेंडर हे नाव मात्र कारखान्याच्या आधीचं. आत्या आठ वर्षांची असताना शाळेत असंच एकदा फुकट दूध आलं होतं. तिने ग्लास तोंडाला लावला, खाली ठेवला, आणि वरच्या ओठावर दुधाची मिशी असताना कुणीतरी तिचा फोटो काढला. पुढच्या वर्षी तो एका कॅलेंडरवर छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘भुकेलं बालपण’. ती ऑगस्ट होती. वाण्याच्या दुकानात, दवाखान्यात, न्हाव्याच्या आरशाशेजारी ती एकतीस दिवस टांगलेली होती, आणि न्हाव्याला पान उलटायचा कंटाळा असल्यामुळे त्याच्याकडे थेट डिसेंबरपर्यंत. मोठी झाल्यावर तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलाची आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, अगंबाई, ही तर आमच्या स्वयंपाकघरातली ऑगस्ट. पुढे त्यांचा निरोप आला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आत्याचं तोंड दुधाने नव्हे, दुधाच्या फोटोने पोळलं होतं, त्यामुळे फुंकायचं नेमकं काय हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती कॅमेरा शोधत होती.

आणि शोधणं भाग होतं, कारण घरात बारकी होती. बारकी भावाची मुलगी, वय वर्षं सात. वहिनी गेल्याला चार वर्षं झाली होती आणि भाऊ ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. दुपारी कारखान्यात मिळणाऱ्या जेवणातलं अर्धं आत्या डब्यात भरून आणायची, ते दोघींचं संध्याकाळचं. सकाळचं असं काही नव्हतंच. सकाळी काळा चहा, आणि त्यात साखर असली तर तो रविवार. शाळेतल्या बाईंनी निरोप पाठवला होता की मुलगी दुसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपते. आत्याने उलट निरोप पाठवला की तुमचा दुसरा तास कंटाळवाणा असेल. पाठवला खरा, पण त्या दिवशी तिच्या हातून एक तिरकी कॉलर बाण न लागता पुढे गेली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी सात वाजता आत्या बारकीला घेऊन खोलीत शिरली. लांब टेबलं, बुटके बाक, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात शेगडीवर दुधाचं पातेलं. मुलं सगळी मिळून चार होती. दोन आचाऱ्याची स्वतःची, आणि दोन अशी की ज्यांच्या आईबापांना पाटी वाचता आली नव्हती. आचारी दाराएवढा होता आणि त्याने दाढीलाही जाळी बांधली होती. आत्याने नमस्कार केला नाही. तिने पहिली थाळी उचलली, उलटी केली आणि तळ बघितला.

आता आचाऱ्याची बाजूही सांगायला हवी. ही खोली चालवणारं एक मंडळ होतं. त्यांनी त्याला कळवलं होतं की या आठवड्यात आमचं माणूस पाहणीला येईल, आधी सांगून येणार नाही, आणि खोली ठेवायची की बंद करायची हे त्याच्या शब्दावर ठरेल. त्यामुळे नमस्कार न करता थाळी उलटी करणारी बाई बघताच आचाऱ्याने तिला ओळखलं. हात पुसत तो पुढे आला, तिच्यासाठी खोलीतली एकुलती एक खुर्ची आणली आणि तिला मॅडम म्हणाला.

आत्याला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं ते हेच, असं तिने मनाशी म्हटलं आणि कामाला लागली. बारकीला सांगितलं, ग्लास हातात धर, तोंडाला लावायचा नाही. मग तिने घड्याळामागे बघितलं. पावाच्या टोपलीत हात घातला. आचाऱ्याला बाजूला व्हायला सांगून त्याच्या मागे बघितलं, याला वेळ लागला. कॅमेरा सापडला नाही, पण डुगडुगता टेबलाचा पाय सापडला, ठिबकणारा नळ सापडला, न लागणारी खिडकीची कडी सापडली. तासाभरात अकरा बाण लागले. आचारी प्रत्येक बाणाला म्हणत होता, उद्यापर्यंत होईल मॅडम.

जाताजाता तिने विचारलं, मुलांची नावं का लिहून घेत नाही.

“नाव विचारलं की मूल खाली बघतं,” आचारी म्हणाला. “खाली बघितलं की दूध सांडतं.”

वाक्य चांगलं होतं. इतकं चांगलं वाक्य माणूस पाठ केल्याशिवाय बोलत नाही, असं आत्याचं मत पडलं. बारकीने भरलेला ग्लास होता तसा टेबलावर ठेवला. एक तास धरून दूध गार झालं होतं आणि हात दुखायला लागला होता, पण तपासल्याशिवाय माल पुढे जात नाही हे तिला घरातच शिकवलेलं होतं.

मंगळवारी गेल्या तर अकराच्या अकरा दोष दुरुस्त झालेले. टेबल हलेना, नळ ठिबकेना. आत्याचा संशय दुप्पट झाला. बावीस वर्षांत कारखान्यात एका दिवसात एकाही बाणाची दुरुस्ती झालेली तिने पाहिली नव्हती. जो माणूस इतक्या लवकर ऐकतो, त्याला काहीतरी मोठं झाकायचं असतं. त्या दिवशी तिने अंडी तपासायला घेतली.

अंड्यापाशी ती अडकली. अंड्याला शिवण नसते. ते उलटंही करता येत नाही. तिने ते उजेडात धरलं, कानाशी हलवलं, टेबलावर गोल फिरवून सोडलं. असा बंदिस्त माल तिच्या हातात कधी आला नव्हता. शेवटी आचाऱ्याने ते सोलून मधोमध कापून दाखवलं. आत अंडंच होतं. आत्याला हे फारच सोयीचं वाटलं.

“आत्या, आज पास?” बारकीने विचारलं. तिचे डोळे त्या दोन अर्ध्यांवर होते.

“अजून नाही.”

गल्लीत संध्याकाळी लोक विचारायला आले. काय काय मिळालं? आत्याने सांगितलं, काहीच मिळालं नाही, तेच तर. लोकांनी माना डोलावल्या. एका घरात तीन पोरं होती, दुसऱ्यात पाच. सकाळी पोटात कावळे ओरडायला लागले की ती उंबऱ्यावर येऊन बसत आणि आत्या परत येताना तिच्या तोंडाकडे बघत. पोरांना तिच्या तोंडावरचं वाचता यायला लागलं होतं. ती आपसूक आत निघून जात.

बुधवारी फक्त तीन बाण निघाले. एक घड्याळाला, दोन मिनिटं मागे म्हणून. एक आचाऱ्याच्या सदऱ्याच्या लोंबत्या बटणाला. तिसरा एका केळ्याला, कारण ते वाजवीपेक्षा जास्त वाकडं होतं. घड्याळ आणि बटण ठीक होतं, पण केळ्याचं नेमकं काय करायचं या विचारात आचारी बराच वेळ ते हातात धरून उभा होता. पातेल्यातलं दूध उरलं होतं. टोपलीतले पाव उरले होते. त्या दिवशी तो पहिल्यांदाच मॅडम न म्हणता म्हणाला, बाई, रोज एवढं उरतं आणि रोज त्या खिडकीतून पोरं मला शाळेत जाताना दिसतात. मी आचारी आहे, मला चालण्यावरून कळतं कोण खाऊन निघालंय ते. तुमच्यासोबतचीसुद्धा.

घरी जाताना आत्याने बारकीला चार पावलं पुढे चालायला लावलं आणि मागून बघितलं. शर्टाची शिवण बघावी तसं. मग म्हणाली, सरळ चाल. बारकी म्हणाली, मी सरळच चालतेय.

गुरुवारी एकही दोष सापडला नाही.

आत्या घाबरली. बिनदोषाचा माल तिने आयुष्यात एकदाच पाहिला होता आणि तो नंतर दुसऱ्याच कारखान्याचा निघाला होता. तिने भेंडोळं टेबलावर ठेवलं, गुडघे टेकले आणि टेबलाखालून बघायला सुरुवात केली. कॅमेरा असणारच. तिला फक्त कुठे ते शोधायचं होतं. टेबलाची खालची बाजू स्वच्छ पुसलेली होती. टेबलाची खालची बाजू कोण पुसतं?

ती बाहेर आली, तेव्हा बारकी तिच्यासमोर उभी होती. तिने भेंडोळ्यातला एक बाण सोडवून घेतला होता आणि आपल्या फ्रॉकवर, बरोबर पोटाच्या मधोमध लावला होता. बाणाचं टोक दुमडून ते आत पोटाकडे वळेल असं तिने बरंच जमवलं होतं.

“आत्या, इथे आहे बघ,” बारकी म्हणाली. ती रडत वगैरे नव्हती. चार दिवस आत्या इतकं शोधतेय आणि तिला मिळत नाहीये, तर आपण मदत करावी, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

आत्या त्या बाणाकडे बघत राहिली. बरोबर लावला होता. तिनेही तिथेच लावला असता. बावीस वर्षांत ती कुणालाही सांगत आली होती की बाण म्हणजे फेकायचं नाही, दुरुस्तीला पाठवायचं. आणि ही दुरुस्ती ज्या खात्यात होते, त्या खात्याच्या दारात ती पोरीला चार दिवस भरला ग्लास देऊन उभी करत होती.

तिने ग्लास बारकीसमोर सरकवला.

“पी.”

“पास झालं?”

“नाही झालं. पी तू.”

बारकी प्यायली. श्वास घ्यायला मध्ये थांबली नाही. मग तिने अंडं खाल्लं, मग पाव, मग दुसरं अंडं, मग पुन्हा दूध. आचारी पाठ फिरवून एक आधीच स्वच्छ असलेली भिंत पुसत होता. भिंत पुसून झाल्यावर तो तीच पुन्हा पुसायला लागला.

तेवढ्यात दारातून टाय बांधलेला एक माणूस आत आला. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता.

आत्याला इतकं हलकं वाटलं की काय सांगावं. चार दिवस जी वस्तू तिने घड्याळामागे, पावात आणि आचाऱ्यामागे शोधली, ती पट्ट्याला लटकून आपल्या पायांनी आत आली होती. आपल्याला वेड लागलेलं नाही हे कळण्यासारखं सुख नाही. ते तिला साधारण तीन सेकंद मिळालं. कारण टायवाल्याने खोलीभर नजर फिरवली, आणि ती नजर बारकीवर येऊन थांबली. ओठावर दुधाची मिशी आणि पोटावर लाल बाण.

“हे फार बोलकं आहे,” तो हळूच म्हणाला. “कुणाची कल्पना?”

आचारी पुढे झाला आणि अभिमानाने म्हणाला की हे सगळं आपल्या ऑफिसातल्या या मॅडमचं. चार दिवस बसून त्यांनी खोलीचं सोनं केलं. टायवाला म्हणाला, आमच्या ऑफिसातून अजून कुणी आलेलंच नाही, पाहणीला मीच यायचा होतो. आचारी आत्याकडे वळला. त्याला घड्याळ आठवलं असावं, नळ आठवला असावा, केळं तर नक्कीच आठवलं.

“मग तुम्ही कोण?”

“शर्ट,” आत्या म्हणाली.

आचाऱ्याने आपल्या सदऱ्याच्या नव्याने शिवलेल्या बटणाला हात लावला.

टायवाला वाईट माणूस नव्हता, हेच त्यातलं अवघड होतं. त्याने बाकावर बसून नीट समजावलं. दूध मंडळाचं नाही, दूध लोकांच्या देणगीचं. लोक फोटो बघून देतात. कुठल्याही मुलाने यावं म्हणून खोली उघडली आणि येतात चार. वर फोटोही नसेल तर सोमवारपासून कुलूप लावावं लागेल, त्याच्या हातात काही नाही. आत्याने विचारलं, चेहरा न दाखवता चालेल का. तो म्हणाला, डोळे तरी हवेत. लोक डोळ्यांवर देतात.

हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या डोळ्यांवर एका अख्ख्या ऑगस्टचं दूध आलं होतं, आणि ते कुणी प्यायलं हे तिला आजतागायत कळलं नव्हतं. तिने बारकीकडे बघितलं. बारकी थाळीला चिकटलेला पावाचा चुरा बोटाने टिपत होती. फोटो निघाला तर ती या गल्लीत एक महिना होऊन राहणार. नाही निघाला तर सोमवारपासून पुन्हा काळा चहा. आणि उंबऱ्यावर बसलेली ती सगळी, तीन या घरातली, पाच त्या घरातली.

आत्याने अंगठ्याने बारकीच्या ओठावरची मिशी पुसली. तिच्या फ्रॉकवरचा बाण अलगद सोडवला आणि आपल्या कारखान्याच्या डगल्यावर, पोटाच्या मधोमध, टोक आत करून लावला. मग बुटक्या बाकावर बसली. गुडघे हनुवटीपर्यंत आले. तिने ग्लास भरून मागितला आणि एका दमात संपवला. छत्तीस वर्षांनी ती सकाळी दूध पीत होती. तिला ते आवडलं, आणि म्हणूनच थोडा संशय आला. ओठ तिने पुसले नाहीत.

“काढा.”

“बाई, हे मुलांसाठी आहे हो.”

“मी मूल होते तेव्हाचाही तुमच्यासारख्यांनीच काढलाय. पोट तेच आहे. काढा.”

टायवाला आचाऱ्याकडे बघायला लागला. आचारी म्हणाला, काढून टाका साहेब, या एकदा मागे लागल्या की दुरुस्त करूनच सोडतात. टायवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला. मग परत लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. शेवटी खटका वाजला.

आत्या परतली, तेव्हा पोरं उंबऱ्यावर होती आणि या वेळी तिच्या तोंडावर काय आहे ते त्यांना वाचता येईना, कारण वर दूध वाळलं होतं. मोठ्यांनी विचारलं, पास का? तिने सांगितलं, फोटो होता, मला वाटलं होतं तसाच होता. तो आता काढून झालाय, माझा. पोरं पाठवा. डावखुरेपणाचा विषय काढणाऱ्याला ती म्हणाली की तुझं उजव्या हाताने तरी काय मोठं चाललंय.

शुक्रवारी त्रेचाळीस मुलं आली. दूध पुरेना, केळी अर्धी अर्धी करावी लागली, त्यात वाकडंही सरळ संपलं. आत्याने दुधाच्या पातेल्याला बाण लावला: लहान आहे. सोमवारी दुसरं पातेलं होतं. आचारी आता तिला ताई म्हणायला लागला होता, पण खुर्ची आणायचं त्याने सोडलं नाही.

नव्या वर्षी कॅलेंडर आलं. या वेळी ती मार्च होती. एक तारखेला संध्याकाळी भावाचा फोन आला. ट्रक लावून रस्त्याकडेच्या हॉटेलात जेवायला बसलो तर समोर भिंतीवर तू, पोटावर बाण. काय झालंय? उपाशी आहेस का?

“होते,” आत्या म्हणाली. “जेव तू.”

तो जेवेना. त्याने विचारलं, बारकी खाते ना. आत्या म्हणाली, दोन अंडी खाते. दुसऱ्या तासाला झोपत नाही, बोलते, आणि बाईंची आता त्याबद्दल तक्रार आहे. मग पलीकडे ताट पुढे ओढल्याचा आवाज आला.

फोन ठेवल्यावर आत्याने घरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. आधी उलटं करून मागची बाजू बघितली, मग पुढची, मग फोटो डोळ्याजवळ नेला. डोळे ठीक होते. दुधाची मिशी जागच्या जागी होती. डगल्याची कॉलर मात्र डावीकडे झुकलेली होती, आणि हे त्या टायवाल्याला चार फुटांवरून दिसलं नव्हतं. तिने भेंडोळं काढलं आणि फोटोतल्या आपल्या गळ्यापाशी एक बाण लावला.

“पास नाही?” बारकीने विचारलं.

“कॉलर तिरकी आहे.”

“आता कशी दुरुस्त करणार?”

आत्याने कॅलेंडर परत खिळ्यावर अडकवलं, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि खिळाही जरा वर गेल्याचं तिच्या लक्षात आलं.

“ते नंतर बघू,” ती म्हणाली. “झोप आता. सातला निघायचंय. त्या अंड्याचं अजून मला काही कळलेलं नाही.”